चौथ्या पायाखालचा पुठ्ठा

"या महिन्यात एक जरी बादली वाया गेली, तर राजीनामा देईन," असं प्लास्टिकच्या बादल्यांच्या कारखान्यातले उत्पादन विभागाचे साहेब मालकांसमोर बोलून बसले आणि कामगारांनी त्यांचं नाव शून्यसाहेब ठेवलं. घरी बायकोने कपाळाला हात लावला. "नोकरी पणाला लावायला कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

साहेबांची भिस्त दोन गोष्टींवर होती. एक लीन मॅन्युफॅक्चरिंग, म्हणजे जे लागत नाही ते कारखान्याबाहेर. दुसरी डिजिटल ट्विन, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये बसवलेलं कारखान्याचं जुळं भावंड. प्लास्टिक आणि वीज कुठे वाया जातेय, ते हे भावंड आधीच सांगणार. या सगळ्याचा ऐंशी पानी अहवाल साहेब काखेत घेऊनच फिरत.

मशीनची देखभाल करणारा मिस्त्री दोन दिवस रजेवर गेला आणि त्या दोन दिवसांत साहेबांनी सफाई काढली. खोकी, चिंध्या, फळकुटं, सगळं भंगारवाल्याकडे. बादल्यांच्या मशीनच्या चौथ्या पायाखाली पुठ्ठ्याची एक कळकट घडी होती. ट्विनमध्ये तिची नोंद नव्हती. तीही गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी बादल्या तिरक्या निघू लागल्या.

"साहेब, मशीन हलतंय," ऑपरेटरबाई म्हणाल्या. "झाकण बसत नाही."

साहेबांनी स्क्रीन पाहिला. तिथे प्रत्येक बादली गोल गरगरीत. "मशीन ठणठणीत आहे, बाई. जरा जोर लावा."

बाईंनी जोर लावला. झाकण उडालं आणि दारातून आत येणाऱ्या मालकांच्या पायाशी जाऊन पडलं. तोवर चारशे तिरक्या बादल्या झाल्या होत्या.

तेवढ्यात मिस्त्री रजेवरून हजर झाला. त्याने आधी मशीनखाली वाकून पाहिलं. "इथला पुठ्ठा कोणी काढला? जमीन खचलीय इथे. बारा वर्षं त्याच्यावर उभं आहे हे."

साहेब पुठ्ठा शोधत धावले. अख्ख्या कारखान्यात चतकोर तुकडा मिळेना, इतकी सफाई चोख झाली होती. ते रडकुंडीला येऊन परतले.

मिस्त्रीची नजर त्यांच्या काखेकडे गेली. "साहेब, ते बघू जरा."

ऐंशी पानं आणि वर जाड कव्हर. अहवाल पायाखाली चपखल बसला. मशीन शांत झालं, पुढची बादली गोल निघाली, झाकणही बसलं. साहेबांचा जीव भांड्यात पडला.

"बघा मालक, आता एकही वाया जाणार नाही. तेव्हा माझ्या त्या राजीनाम्याचं..."

मालकांनी तिरक्या बादल्यांच्या ढिगाकडे पाहिलं.

"तुम्ही शब्दाचे पक्के आहात, माहीत आहे मला," ते शांतपणे म्हणाले. "तुम्ही खुशाल जा. अहवाल तेवढा राहू द्या."