निर्मळचे चाळीस टक्के

"जगात दोन प्रकारची माणसं असतात. ज्यांना दिसतं ती, आणि ज्यांना नुसते डोळे असतात ती. मी पहिल्यातला." माझा नवरा प्रल्हाद स्वतःची ओळख अशी करून देतो. बँकेतून लवकर निवृत्त झाल्यापासून तो खाजगी गुप्तहेर आहे. विरारचे गुन्हेगार त्याच्या नावानं थरथरतात, असंही तो सांगतो. मी एवढंच सांगेन की रोज सकाळी त्याचा चष्मा मी शोधून देते. म्हणून मी त्याची सहायक.

त्या दिवशी जागृतीचा फोन आला. ही माझी जुन्या ऑफिसातली मैत्रीण. लग्न होऊन निर्मळला फुला-केळीच्या वाडीवाल्यांकडे गेली. बाळ झालं तशी तिची अंधेरीची नोकरी सुटली. आता घरून करायच्या एका कामासाठी दुपारी तिची ऑनलाइन मुलाखत होती, आणि लगेच मोठी परीक्षा. जिथून काम करणार त्याच खोलीत बसायचं, अशी कंपनीची अट. आणि नेमका निरोप आला होता की लाइनच्या दुरुस्तीसाठी दुपारभर लाईट नसेल.

"नेट मोबाईलचं आहे गं, पण लॅपटॉप साठ टक्क्यांच्या वर चढतच नाही. परीक्षा अर्ध्यात बंद पडेल. दुरुस्तीवाला आहे का कोणी ओळखीचा?"

प्रल्हादनं फोन माझ्याकडून घेतला. "दुरुस्तीवाला कशाला? चाळीस टक्के गायब आहेत. ही चोरी आहे."

आम्ही स्कूटरनं निर्मळला पोचलो. जागृतीच्या सासूबाई, द्वारकाकाकू, ओसरीवर, खोलीच्या दाराशीच, सोनचाफ्याची फुलं पिशव्यांत भरत होत्या. प्रल्हाद लॅपटॉपसमोर बसला. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट उगवली.

"जाहिरात," म्हणून त्यानं ती बंद केली, पुन्हा आली तशी पुन्हा बंद केली आणि चार्जरला हात लावला. "गरम आहे! वीज इथपर्यंत येते, आणि पुढे कोणीतरी तिला फितवतं."

खिडकीबाहेर पंपाची घरघर चालली होती. प्रल्हादचे डोळे बारीक झाले. तो गेला आणि त्यानं खटका पाडला. वाडीतून जागृतीचे सासरे, दिवाकरकाका, पाईप हातात घेऊन धावत आले.

"मोटर कोणी बंद केली? लाईट जायच्या आत पाणी द्यायचंय मला!"

"चाळीस टक्के तुमची केळी पिताहेत, काका."

लॅपटॉप साठावरच होता. काकांनी मोटर चालू केली आणि प्रल्हादकडे असं पाहिलं, की मी त्यांच्या हातातला पाईप हळूच खाली ठेवला.

मग प्रल्हादला कुंपणापलीकडे शेजारच्या क्लेटनची विजेवर चालणारी स्कूटर चार्जिंगला लावलेली दिसली.

"किती टक्के झाली?" त्यानं दरडावून विचारलं.

"शंभर," क्लेटन म्हणाला.

"आणि इकडे साठ. बेरीज?"

"एकशे साठ."

"दोन वस्तूंचे दोनशे हवेत. चाळीस कुठे गेले?"

क्लेटननं बोटांवर मोजून पाहिलं. "वहिनी," त्यानं मला विचारलं, "ह्यांना ऊन लागलंय का?"

घरात जागृती रडकुंडीला आली होती. लाईट कधीही गेली असती. "भावोजी, राहू द्या. जेवढी होईल तेवढी परीक्षा देते मी."

"थांब. यंत्र चार्ज होत नसेल, तर माणसावर चार्ज ठेवावा लागतो." प्रल्हाद ओसरीकडे वळला. "सुनेनं नोकरी करू नये असं कोणाला वाटतं? सासूला!"

मला जमीन दुभंगावी असं झालं. द्वारकाकाकूंनी फुलं बाजूला सारली आणि त्या आत आल्या.

"नोकरी कर म्हणून हिच्या मागे कोण लागलं? मी. बाळ सांभाळते कोण? मी. आणि ही चौकट मघापासून येतेय, तुम्ही पुसताय. आधी वाचा तरी, साहेब!"

चौकट पुन्हा आली होती. जागृतीनं वाचली आणि कपाळाला हात लावला. "बॅटरी जास्त वर्षं टिकावी म्हणून चार्जिंग साठ टक्क्यांवर थांबवलंय, असं लिहिलंय. सेटिंग आहे हे! पण चालू कोणी केलं?"

दारात दिवाकरकाका खाकरले. "फुलांचे भाव बघत होतो परवा. मध्येच त्यानं विचारलं, लाँग लाईफ पाहिजे का? आता कोणाच्या आयुष्याला नाही कसं म्हणायचं? मी हो म्हटलं."

जागृतीनं सेटिंग बदललं. एकसष्ट. बासष्ट. सगळे क्रिकेटचा स्कोअर बघावा तसे बघत होतो. शंभर झाले, आणि थोड्या वेळात पंखा थांबला.

जागृतीनं दार लावून घेतलं. आम्ही उकाड्यात ओसरीवर बसलो. काकू बाळाला मांडीवर घेऊन फुलाच्या पिशवीनं वारा घालत होत्या. प्रल्हादनं त्यांच्याकडे न बघता, "काकू, चुकलो," म्हटलं. काकूंनी त्याच्यापुढे केळी ठेवली.

ऊन कलल्यावर दार उघडलं. जागृती हसत होती.

"मिळाली! परीक्षा पूर्ण झाली. मुलाखतीत त्यांच्याच साहेबांचा लॅपटॉप बंद पडला. चार्जर घरी विसरले होते. उरलेली मुलाखत फोनवर घेतली."

काकूंनी बाळासकट तिला जवळ घेतलं. प्रल्हाद मात्र केळं हातात धरून उभा राहिला होता.

"विसरले," तो पुटपुटला, "की कोणी नेला?"

मी स्कूटरची चावी पर्समध्ये टाकली आणि पर्स काकूंकडे सांभाळायला दिली.