स्कोपची घराणी आणि आमचे बापटकाका

इथे परदेशात, माउंट रॉस्किल उपनगरातले आमचे शेजारी बापटकाका केकमध्ये अंडं आहे असं कळलं तर तोंड धुऊन येतात. पण शिकारीच्या रायफलवर कुठला स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, बसवावा, हे त्यांनाच विचारावं. किंवा विचारूही नये, ते सांगतातच.

"आधी घराणं बघायचं," हे त्यांचं पालुपद. जर्मन म्हणजे खानदानी, पिढ्यान्‌पिढ्या काच घासलेली माणसं. ऑस्ट्रियन स्कोप तिन्हीसांजेलाही हरणाचं शिंग स्वच्छ दाखवणार. अमेरिकन दणकट, खुशाल आपटा. जपान्यांचा विषय निघाला की काका हळवे होतात. "काच त्यांची आणि नाव दुसऱ्याचं. बिच्चारे." रायफल मात्र फिनलंडचीच, कारण तिचा गोळी चढवायचा बोल्ट सरकलेला हाताला कळत नाही म्हणे. मी एकदा म्हटलं, नेम लागल्याशी मतलब, देश कुठला का असेना. त्यानंतर कितीतरी दिवस काकांच्या बागेतली कोथिंबीर आमच्याकडे आली नाही.

स्वतः काकांनी साधी छर्‍याची बंदूकही हातात धरलेली नाही. हे सगळं वेड निनादपायी. त्यांचा हा मुलगा साउथ आयलंडला, समुद्रापलीकडच्या बेटावर असतो, सुट्टी मिळाली की हरणांच्या मागे. जन्म इथलाच, त्यामुळे मराठी कळतं, पण उत्तर इंग्लिशमध्ये. काकू होत्या तोवर त्याच्या फोनवर त्याच बोलायच्या. त्या गेल्यावर बापलेकांचं बोलणं "जेवलास का?" आणि "स्वीट अ‍ॅज, बाबा", म्हणजे इथल्या बोलीत 'एकदम मस्त', एवढ्यावर आटपायला लागलं. काका धास्तावले. "अशानं एक दिवस फोनच यायचा बंद होईल हो," म्हणाले, आणि लायब्ररीतून शिकारीची मासिकं आणून वाचत बसले.

मला वाटायचं, निनादचा फोन आला की काका त्याचंही असंच डोकं खात असणार. परवा रविवारी मी आमटी द्यायला गेले, तर फोन स्पीकरवर चालू होता.

"निनाद, हे जर्मन आणि जपानी स्कोप सगळे सारखेच ना रे?" काका विचारत होते.

मी आमटीचं भांडं ओट्यावर ठेवलं आणि कान टवकारले.

"नो वे, बाबा. हीप्स ऑफ डिफरन्स," म्हणत निनाद सुरू झाला. काच, बोल्ट, संध्याकाळचा उजेड. मला तोंडपाठ झालेलंच सगळं, आणि त्यातही दोन-तीन गोष्टी साफ चुकीच्या. दुसऱ्याचं एक वाक्य धड पुरं होऊ न देणारे आमचे काका "हो का? अरे वा" करत ऐकत होते. मध्येच फोनवर हात ठेवून मला हळूच म्हणाले, "बघा, किती छान समजावून सांगतो माझा मुलगा." अभिमानानं त्यांचा चेहरा नुसता फुलला होता.

"बाबा, समजलं का?" पलीकडून निनादनं चक्क मराठीत विचारलं.

"नाही रे," काका म्हणाले. "परत एकदा सांग."