आप्पांची पेरूची पाई

आमच्या आप्पांचं एका रेल्वेगाडीशी भांडण आहे. खात्याशी नाही, गाडीशी. दुपारची मनमाडकडे जाणारी ती गाडी पूर्वी दौंड स्टेशनात यायची, आता बाहेरच्या बाहेर नव्या लायनीवरून वळते. वेळ वाचला म्हणून लोक खूश झाले. आप्पा मात्र अंगणात उभे राहून लांबून तिचा भोंगा ऐकतात आणि म्हणतात, "जा, जा मिरवत. माझी पाई कच्ची ठिवलीस, लक्षात हाय माझ्या."

पाई म्हणजे पेरूची पाई. हसू नका, मी हसले होते आणि आप्पांनी आठवडाभर मला पाणी भरायला मोटार लावून दिली नव्हती.

आप्पा माझे घरमालक. पुढच्या दोन खोल्या त्यांच्या, मागची माझी, फाटक एकच. रेल्वेत शंटिंगला, म्हणजे डबे-इंजिनं जोडा-सोडायला होते, आता रिटायर. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा गुजरातेत. घराणं मूळचं खुटबावकडचं, मेंढरं राखणारं. वडील, म्हणजे आबा, रेल्वेत चिकटले आणि आई कॉलनीतल्या एका इंजिन ड्रायव्हरच्या बंगल्यात स्वयंपाकाला लागली. तिथल्या मडमेनं तिला पाई शिकवली. मडमेची पाई सफरचंदाची. पण सफरचंद तेव्हा फक्त आजारी माणसाला मिळायचं, म्हणून आईनं पेरू घातला. साखरेच्या जागी गूळ घातला. भट्टीच्या जागी पत्र्याचा डबा आला, खाली निखारे आणि झाकणावरही निखारे. मडम विलायतेला गेली, पाई आप्पांच्या घरी राहिली.

पाई करताना आप्पांच्या जवळ जायची सोय नाही. मैद्यात लोणी चोळायचं ते गारच हवं, म्हणून आधी माठाच्या पाण्यात हात बुडवून बसतात. कुणी बोलायला गेलं तर म्हणतात, "सिग्नल लाल हाय." पेरूच्या बिया काढतात, गुळात लवंग-दालचिनी घालून गर शिजवतात, वर मैद्याच्या पट्ट्या आडव्या-उभ्या विणतात. डबा निखाऱ्यावर गेला की कपाळ पुसून म्हणतात, "लाईन क्लिअर."

आणि इथेच ती गाडी येते. पूर्वी ती दौंडात आली की इंजिन सुटायचं, फिरून दुसऱ्या टोकाला जायचं, जोडलं की शिट्टी व्हायची आणि गाडी उलट तोंडानं निघायची. गाडी आली की पाई डब्यात, शिट्टी झाली की बाहेर. आईचं मापच ते, असं आप्पा सांगायचे. पुढे नोकरीतही सुट्टीच्या दिवशी ते याच मापानं पाई करत आणि ती, त्यांच्या मते, कधी बिघडत नसे. गाडी बाहेरून वळायला लागली आणि आप्पांचा संसारच रुळावरून घसरला.

मी म्हटलं, "आप्पा, मोबाईलवर गजर लावा की."

"ताई, गजर लावून उठत्यात. पाई उठत न्हाई."

मग त्यांनी दुसऱ्या गाड्या लावून बघितल्या. एक एक्सप्रेस थांबली न थांबली तोच सुटली, पाई कच्ची. एका मालगाडीवर भरवसा ठेवला, ती यार्डात दुपारभर बसून राहिली. डब्यातून जे निघालं ते कुत्र्यानंही हुंगून सोडलं. आप्पा म्हणाले, "गाडी लेट हुती."

या सगळ्याची मला गंमत वाटायची, हिराअक्का येईपर्यंत. अक्का म्हणजे आप्पांची धाकटी बहीण, पाबळला दिलेली. तिच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं, पुण्याला. त्याआधी ती भावाकडे राहायला आली. आल्या आल्या म्हणाली, "दादा, आईची पाई कर. पुन्हा खायला मिळंल न मिळंल."

आप्पांचा चेहरा उतरला. त्यांनी अंदाजानं केली. अक्कानं एक घास खाल्ला, तो बराच वेळ चावला आणि म्हणाली, "पेरू चांगला हाय."

आप्पा खालमानेनं म्हणाले, "गाडी न्हाई गं हिरा. गाडीबिगर कशी जमायची?"

"गाडीचा काय संबंध?" अक्का म्हणाली. "तू कायम रुळापशी इंजिन बघत बसायचास. तुला शिट्टी म्हाईत. मी चुलीपशी आईजवळ असायची. शिट्टी झाली तरी आई डबा हलवायची न्हाई. इंजिन जोडून आबा घरी यायचं, फाटकाची कडी वाजायची, मग झाकण निघायचं. ती आबाची वाट बघायची रं, गाडीची न्हाई."

आप्पांनी फाटकाकडे पाहिलं. मग म्हणाले, "आता कुणाची कडी वाजायची माझ्या फाटकाला?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पुण्याच्या नोकरीवरून डेमू लोकलनं आले, नेहमीसारखी मंडईतून भाजी घेऊन, रमतगमत. फाटकाची कडी काढली, तर आतून अक्काचा आवाज आला, "आली बघ. काढ, दादा."

झाकण निघालं. वरच्या पट्ट्या लालसर, कडेनं गूळ उकळत वर आलेला. अक्कानं खाल्लं आणि पदर डोळ्यांना लावला. "आईची हाय," एवढंच म्हणाली. आप्पा भिंतीकडे तोंड करून "लाईन क्लिअर, लाईन क्लिअर" म्हणत राहिले.

ऑपरेशन छान झालं. आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. अक्का पाबळला ठणठणीत आहे आणि सुनेला पहिल्यासारखे तोंडावर चार शब्द सुनावते, म्हणजे तब्येतीची काळजी नाही.

आता डेमूचा भोंगा झाला की आप्पा डबा निखाऱ्यावर ठेवतात आणि मी कडी काढली की उतरवतात. रोज नाही, पेरू असतील तेव्हा. पण परवा स्टेशनवर एक जुनी मैत्रीण भेटली. चहा झाला, गप्पा झाल्या, आणखी एक चहा झाला. घरी आले तर गल्लीच्या तोंडापर्यंत जळका वास. आप्पा फाटकापाशीच उभे होते.

"आलात व्हय," ते म्हणाले. "बरं झालं. जीव टांगणीला लागला हुता."

आत डब्यातून धूर निघत होता. मी म्हटलं, "अहो आप्पा, जळत होती तर उतरवायची ना."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी काही भलतंच विचारलं होतं.

"कुणी घरी आल्याबिगर कसं उतरवायचं, ताई?"

मी पिशवी तिथेच ठेवली, हात धुतले आणि जळलेली बाजू माझ्याकडे ओढून घेतली.