आतला पाय, बाहेरचा पाय

खात्यातले मोठे साहेब, घाटकोपर चौकीच्या काशीराम परब या शिपायाचे दोन दिवस तुम्ही चोरलेत. छप्पन सालच्या मार्चात कांजूरमार्गच्या एका कारखान्यात संप झाला. तुमच्याच हुकमाने तो तिथे फाटकावर दोन दिवस बंदोबस्ताला उभा राहिला. चौकीच्या हजेरीबुकात मात्र तुम्ही त्याला गैरहजर दाखवलंत. पगार कापलात तो कापलात, त्या शेऱ्यापायी त्याची हवालदारकीही अडवलीत.

गंमत पुढेच आहे. संपवाल्यांचा तंटा लवादापुढे गेला आणि त्यांना दोन्ही दिवसांचा पगार मिळाला. त्यांच्यावर पहारा करणारा तेवढा कोरडा राहिला.

“मगे तुमी पण जावा लवादाकडे,” त्याची बायको मालन म्हणाली.

“पोलीस कामगार नसतो गं. कायद्यात बसत नाय.”

“मगे कोण असता पोलीस?”

“अर्जात विचारतो. कळवतील.”

अर्ज खात्याच्या कचेरीत पोचला. तिथल्या श्यामसुंदर कारकुनाने त्यात कारखान्याचं नाव वाचलं आणि अर्ज कारखान्याच्याच गठ्ठ्यात बांधून लवादाकडे धाडला. तिथे त्यावर नंबर पडला. नंबर पडलेला कागद परत पाठवायची कुणाची छाती नव्हती. समन्स निघालं, बजावायला घाटकोपर चौकीत आलं, आणि त्या दिवशी समन्सांची पाळी काशीरामची होती. त्याने ते घरी नेऊन स्वतःला वाचून दाखवलं, स्वतःची सही घेतली आणि साक्षीला मालनचा अंगठा लावला. कामात कसूर त्याला ठाऊक नव्हती.

सुनावणीला लवादाच्या दारावर बंदोबस्तही नेहमीसारखा त्याचाच. धोंडू पट्टेवाल्याने नाव पुकारलं.

“हजर,” काशीराम दारातून म्हणाला.

“मग आत ये ना.”

“ड्यूटीवर आहे. दार सोडलं तर तिसरा दिवस कापतील.”

“अरे, नाय आलास तर अर्ज फेटाळतील.”

आत खात्यातर्फे आलेले फौजदार वही उघडून बसले होते. हा काय सोडतो, दार की अर्ज, एवढंच त्यांना लिहायचं होतं. काशीरामने दोन्ही सोडलं नाही. एक पाय उंबऱ्याच्या आत ठेवला, एक बाहेर. बाहेरच्या हातात लाठी, आतल्या हातात अर्ज. तसाच तो तासभर बोलला. दोन वर्षं त्याच दारात उभं राहून त्याने कामगारांचे पुढारी ऐकले होते. पण त्याचा शेवटचा सवाल त्याचा स्वतःचा होता.

“साहेब, हे फौजदार दोन्ही दिवस फाटकावर आले आणि माझा सलाम घेऊन गेले. गैरहजर माणसाचा सलाम घेतला कसा?”

फौजदारांनी वही मिटली.

म्हाताऱ्या लवादाने चष्मा पुसला. “पोलिसाचा निवाडा करायचा मला अधिकार नाही.”

“कळलं, साहेब. पण खरं लिहायचा आहे ना?”

लवादाने लिहिलं: हा इसम दोन्ही दिवस हजर होता. जाताना उंबऱ्यापाशी ते थांबले. “वकिली चाळीस वर्षं पाहिली,” ते म्हणाले, “अशी उभ्याने केलेली पहिलीच.” आणि काशीरामने सलाम करायच्या आधी त्यांनीच हात जोडले.

तो कागद तुमच्या टेबलावर येऊन चार महिने झाले. उत्तर नाही. सुनावणीच्या दिवसाचा शेरा मात्र दुसऱ्याच सकाळी लागला: अर्धा दिवस गैरहजर.

तेव्हा साहेब, आधी ते दोन दिवस परत करा. आणि या अर्ध्या दिवसाचं लेखी कळवा. गैरहजर कोणता पाय होता, आतला की बाहेरचा?