तडतडे साहेबांचा छापा

"वय विचारलं? त्यानं वय विचारलं?" तडतडे साहेब गाडीतूनच ओरडले.

"ओळखपत्रही मागितलं, बाबा."

"चोर लेकाचा!"

कायदा पाळणाऱ्याला चोर म्हणणारा असा निरीक्षक शोधून सापडायचा नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांना सिगारेट किंवा वेप, म्हणजे बॅटरीवरची सिगारेट, विकणारे दुकानदार पकडायचे आणि त्यांचे परवाने काढून घ्यायचे, हे साहेबांचं काम. दिवसभर कुणावर तरी तडतडत असायचे, म्हणून कचेरीने त्यांचं नाव तडतडे ठेवलं होतं. पण इतकं तडतडूनही वर्षभरात त्यांच्या हाती एकही दुकान लागलेलं नव्हतं. आज लागलं नाही तर पथक बरखास्त आणि साहेबांची रवानगी तळघरातल्या जुन्या फायलींत, असं वरिष्ठ मॅडमनी सकाळीच सुनावलं होतं. वर त्या स्वतःच गाडीत येऊन बसल्या होत्या.

त्यात गिऱ्हाईक बनून दुकानात जाणारी खात्याची मुलगी नेमकी काल अठरा वर्षांची झाली. "झाली म्हणजे काय? कुणाला विचारून झाली?" म्हणत साहेब तिच्यावरही उखडले. शेवटी सोळा वर्षांच्या स्वतःच्या लेकीलाच त्यांनी शाळेतून उचलून आणलं. पालकांची संमती लागते, ती त्यांनी आपली आपणच देऊन टाकली.

पण दुकानदार आज हरिश्चंद्राचे अवतार निघाले. एकाने ओळखपत्र मागितलं. दुसऱ्याने वेपच्या कपाटाला लावलेलं कुलूप दाखवलं. तिसऱ्या दुकानातल्या बाईंनी तर "घरी ठाऊक आहे का गं हे?" म्हणून पोरीला चांगलंच झापलं. साहेबांच्या कपाळाची शीर ताडताड उडायला लागली.

"आता ते कोपऱ्यावरचं घ्या," मॅडम म्हणाल्या.

"ते आमच्या घराजवळचं आहे."

"म्हणजे ओळखीचा?"

"छे! मी त्याची पायरीसुद्धा कधी चढलेलो नाही!" साहेबांनी छाती फुगवली.

"बाबा, पण तिथे..."

"तू मध्ये बोलू नकोस! वेप मागायचं आणि यायचं!"

मुलगी गेली. ती तोंड उघडते न उघडते तोच म्हाताऱ्या दुकानदाराने सिगारेटचं पाकीट तिच्यापुढे सरकवलं. वय नाही, ओळखपत्र नाही, काही नाही.

साहेबांनी गाडीतून उडीच मारली. "सापडलास! लेकरांच्या हातात विष देतोस? लाज नाही वाटत? अशा माणसाला भर चौकात उभं केलं पाहिजे!"

भर चौक आपणहून जमा झाला. दुकानदार गडबडला. "अहो, पण साहेब, हे तुमचंच पाकीट आहे."

"माझं?"

"तुमचीच मुलगी ना ही? रोज तुमच्यासाठीच तर नेते."

"खोटं! मी कधी पाठवलं हिला? मी फक्त हाक मारतो! पाकीट संपलं, एवढंच म्हणतो! पुढे ते कोण..." साहेब अडखळले. पुढे ते कोण आणतं, हा प्रश्न त्यांना आजवर पडलाच नव्हता.

मॅडम खाली उतरल्या. "कधीपासून आणतेस गं?"

"दुसरीत होते तेव्हापासून. तेव्हा काउंटरला हात पुरायचा नाही. काका वाकून द्यायचे."

गर्दीतलं हसू एकदम थांबलं. मॅडमचा चेहरा लाल झाला. "परवाना तर तुमचा गेलाच," त्या दुकानदाराला म्हणाल्या. "आणि निरीक्षकसाहेब, मुलांना आणायला पाठवणाराही तेवढाच गुन्हेगार असतो. शाळाशाळांतून तुम्हीच ओरडून सांगता ना हे?"

"आणि मी दिलं नसतं," दुकानदारही आता चिडला, "तर हेच साहेब येऊन माझ्या अंगावर ओरडले असते!"

साहेब दुकानदारावर ओरडले. हसणाऱ्यांवर आणि न हसणाऱ्यांवर ओरडले. "तुला आधी सांगता येत नव्हतं?" म्हणून लेकीवर ओरडले.

"काय सांगायचं?" ती पहिल्यांदाच आवाज चढवून म्हणाली. "की मी तुमचं ऐकते?"

यावर साहेबांचं डोकं भणभणायला लागलं, आणि डोकं भणभणलं की त्यांना तलफ यायची. त्यांनी खिसा चाचपला. रिकामा.

"अगं ए," ते सवयीने म्हणाले, "पाकीट संपलंय."

सगळा चौक त्यांच्याकडे बघत राहिला. मुलगी जागची हलली नाही.