ताटात डोकावणारे अण्णा

बेंगळुरूच्या येलहंक्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये जेवताना दार उघडं ठेवायची सोय नाही. तळमजल्यावरचे नागोजीअण्णा कधी आत डोकावतील, सांगता येत नाही. "काय चाललंय" वगैरे काही नाही. नजर थेट ताटात, आणि प्रश्न, "ह्याच्यात पोटीन कुठं हाय?"

प्रोटीनला ते पोटीन म्हणतात. सुधारून बघितलं, तर म्हणाले, "पोटात जातं ते पोटीन. तुमचं इंग्लिश चुकलंय."

अण्णा मराठी, पण त्यांच्या चार पिढ्या बेंगळुरूत गेल्या. ते स्वतः यशवंतपूरच्या एका कारखान्यात फिटर होते आणि कारखान्याच्या संघातून धावायचे. "सकाळी भात, दुपारी भात, संध्याकाळी भात. भातावर धावलो आणि शेवटच्या फेरीत भातासारखा सांडलो!" तेव्हापासून दुसऱ्या कुणाला सांडू द्यायचं नाही, हा त्यांचा पण.

मी साताऱ्याहून नोकरीसाठी इथं आलेली. दहा किलोमीटरच्या शर्यतीत नाव घातलं आणि प्रोटीन पावडरचा भलामोठा डबा घेऊन जिन्यापाशी आले, तर अण्णांनी अडवलं. पोरीसाठी आलेल्या स्थळाची पत्रिका वाचावी, तसा त्यांनी डब्यावरचा मजकूर वाचला.

"वाईट नाही गं, मेघा. पण दिवसभर खाते काय तू?"

"सकाळी कॉफी-बिस्किटं. दुपारी ऑफिसात मिळेल ते. रात्री नूडल्स."

अण्णांनी डोळे मिटले. "अय्यो! पाया नाही आणि गच्चीला रंग!"

दुसऱ्या दिवसापासून माझ्या दारात डबे येऊ लागले. मोड आलेली हुरळी, म्हणजे आपले कुळीथ. घट्ट दही. इडलीबरोबर वाटीभर जास्तीचं सांबार, तेही डाळ तळातून ढवळून घेतलेलं. अण्णा कट्टर शाकाहारी, पण माझ्यासाठी अंडी उकडायचे. घरात नव्हे, मागच्या अंगणात, वेगळ्या पातेल्यात. चिमट्यानं उचलून, तोंड फिरवून माझ्यापुढं धरायचे. "खा लवकर. वरून देव बघतोय."

एकदा उत्साहाच्या भरात मी सहा अंडी खाल्ली आणि वर पावडरही प्याले. अण्णा चिडलेच. "अंग काय गोणी हाय, कोंबून भरायला? रोज थोडं, चारी वेळेला थोडं. सरी?"

"सरी," मी त्यांच्याच कन्नडात होकार दिला आणि आडवी झाले.

शर्यत रविवारी सकाळी झाली. सरावात सातव्या किलोमीटरला माझे पाय हमखास गळायचे. त्या दिवशी सातवा गेला, आठवा गेला, पाय चालूच. नंबर सांगण्यासारखा नव्हता, पण शेवटपर्यंत धावत गेले. शर्यत पुरी करणाऱ्या सगळ्यांना मिळालेलं पदक गळ्यात घालूनच दुपारी अण्णांचं दार ढकललं.

अण्णा एकटेच बसले होते. पुढ्यात चहाचा कप आणि बशीत चार टोस्ट. मला बघताच त्यांनी बशीवर पेपर ओढला.

"जेवण झालं, अण्णा?"

"हे काय, चाललंय की."

मी स्वयंपाकघरात पाहिलं. शेगडी गार होती. ओट्यावर फक्त बिल्डिंगभर पाठवायचे धुतलेले डबे, ओळीनं पालथे.

"रोज हेच?"

अण्णांनी पेपर उचलून त्याची घडी घातली. मग म्हणाले, "बायको शारदा होती तेव्हा जो उशिरा येईल त्याच्यासाठी दुसरा जेवायचा थांबायचा. पंचेचाळीस वर्षं. आता ताट घेऊन बसलो की वाटतं, थांबावं जरा. थांबतो. आणि भूकच जाते." मग हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "तुम्ही खाताना बघतो ना, तेवढं पुरतं मला."

मी वर गेले. बेसन कालवलं, पिठलं केलं, दोन भाकऱ्या थापल्या, कांदा फोडला. दोन ताटं आणि पिठल्याची कढई घेऊन खाली आले आणि जमिनीवरच बसले.

अण्णा ताटाकडे बघत राहिले. मीही जेवायला सुरुवात केली नाही. पिठल्यावर साय धरायला लागली, तरी हात मांडीवरच ठेवला.

"थांबलीस का?" त्यांनी विचारलं.

"तुमच्यासाठी."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. पहिला घास बराच वेळ चावला. दुसरा जरा लवकर गेला. अर्धी भाकरी संपल्यावर अण्णांनी नाक पुसलं, माझ्याकडे न बघता ताट पुढं सरकवलं आणि म्हणाले, "पिठलं अजून स्वल्प वाढ."