बांधावरची पाठदुखी

सर्जेराव पालथे झोपायला तयार झाले ते केवळ स्वरूपा या नातीच्या हट्टापायी. काटेवाडीचा खातापिता शेतकरी बारामतीत येऊन भरदिवसा उघड्या पाठीनं पडतो आणि कालपरवा मिसरूड फुटलेला डॉक्टर त्याच्या कमरेत सुया खोवतो, याला उपचार म्हणायचं म्हणजे हद्द झाली.

"आबा, पाठ दुखत राहिली की शरीरात ताणाचं हार्मोन वाढतं, कॉर्टिसॉल," डॉक्टर अनय समजावत होते. "ते वाढलं की दुखणं आणखी मुक्काम ठोकतं. ॲक्युपंक्चरच्या सुयांनी ते खाली येतं. आत्ता रक्त घेतलंय, नंतर परत घेऊ. तुम्ही फक्त निवांत पडा."

"निवांत? तिकडं मानसिंगाचा ट्रॅक्टर सुरू हाय, अन् मी हितं निवांत पडू?"

मानसिंग म्हणजे शेजारच्या रानाचा मालक. दोघांच्या उसामध्ये एक बांध, आणि मानसिंग दर नांगरटीला तो वीतभर कोरतो अशी सर्जेरावांची खात्री. घरातला दागिना गेला तर पोलीस तरी येतात. बांध कोरणाऱ्याला मात्र मोजणी येईपर्यंत मोकळं रान. म्हणून सर्जेराव स्वतः बांधावर घोंगडं टाकून राखण करत आणि तिथंच त्यांची पाठ धरली होती.

रिपोर्ट आला. हार्मोन उतरायचं सोडून चढलं होतं.

"असं कधीच होत नाही," डॉक्टर चिडले. "तुम्हीच काहीतरी केलंत."

"म्या काय केलं? सुया तुमच्या, कंबर माजी."

पुढच्या खेपेला सर्जेराव भांडायच्या तयारीनंच आले. सुया टोचून झाल्या आणि पडद्यापलीकडून ओळखीचं कण्हणं ऐकू आलं.

"कोन हाय त्ये?"

"मानसिंग. तुमच्यावर नजर ठिवून बसून बसून पाठ गेली माजी."

"माज्यावर? बांध तू कोरतूस."

"मी? तुमच्या बाजूनं बारीक झालाय त्यो."

दोघंही उसळून उठू लागले, तसे डॉक्टर धावत आले.

"अजिबात हलायचं नाही. सुया काढल्याशिवाय कुणीही उठणार नाही."

सर्जेराव विचारात पडले.

"म्हंजी मानसिंगालाबी उठता येत न्हाय?"

"नाही म्हटलं ना."

सर्जेरावांनी उशीवर गाल टेकला. पलीकडूनही एक लांब सुस्कारा ऐकू आला. थोड्याच वेळात पडद्याच्या दोन्ही बाजूंना घोरणं सुरू झालं.

या खेपेला दोघांचंही हार्मोन झकास उतरलं. डॉक्टर येईल त्या पेशंटला सुयांचं कौतुक ऐकवू लागले. याचाही सर्जेरावांना संताप आला, पण पाठ हलकी झाली होती. तिसऱ्या खेपेला ते आणि मानसिंग एकाच मोटरसायकलवर आले. मैत्री वगैरे काही नव्हती. दुसऱ्याला बांधाजवळ मागं ठेवायची दोघांचीही तयारी नव्हती, एवढंच.

वेळ संपली तसे डॉक्टर मानसिंगकडे वळले. सर्जेराव खडबडून जागे झाले.

"डॉक्टर, आदी माज्या काढा."

"न्हाय, आदी माज्या," पडद्यापलीकडून आवाज आला.

डॉक्टर दोन पलंगांच्या मधोमध उभे राहिले. "अहो, कुणाच्या तरी आधी काढाव्याच लागतील."

"मग ऱ्हाऊ द्या दोघांच्याबी," सर्जेराव म्हणाले आणि त्यांनी पुन्हा डोळे मिटले.